इन्जीच्या घरी न्यायचं चॉकलेट

४ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून लो-कार्ब. कोशरीचा भात-मसूर-मॅकरोनी, रोटी, साखर बंद. इन्जी म्हणाली होती, फोटोत बारीक दिसता. शुक्रवारी तिच्या घरी फातिहा वाचायची, म्हणजे लग्न पक्कं. एकोणचाळिसाव्या वर्षी मुलगी हो म्हणाली आहे, पुन्हा कोणी म्हणणार नाही. सूटचं बटण लागलंच पाहिजे.
रिवाजाचा चॉकलेटचा ट्रे मीच निवडणार. आई म्हणाली, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. दुर्लक्ष केलं.

५ नोव्हेंबर
शफीककाकांच्या दुकानात गेलो. पिस्त्याचं, कॅरॅमलचं, परत पिस्त्याचं. निवडताना खाल्लेलं धरायचं नसतं. शिवाय पिस्ता म्हणजे प्रोटीन. निर्णय झाला नाही.

६ नोव्हेंबर
पुन्हा गेलो. काका म्हणाले, हातिमबाळा, ठरव आता, नाहीतर ट्रेत ठेवायला काही उरणार नाही. भोचक माणूस.
सूट घालून पाहिला. ड्रायक्लीनिंगवाल्याने आटवलाय.

७ नोव्हेंबर
तोड सापडली! नव्वद टक्के कोको, बिनसाखरेचं. उद्या ती मंडळी आग्रह करणारच, तर ट्रेच पथ्याचा न्यावा. काका म्हणाले, अरे, शुभकार्याला हे कोणी नेतं का? थोडं पिस्त्याचं तरी ठेव. घेतलं पाव किलो. घरी येईपर्यंत संपलं. अलेक्झांड्रियात अंतरं फार.

८ नोव्हेंबर, शुक्रवार, घरी आल्यावर
बटण लागलं! श्वास घेतला नाही, एवढंच.
तिकडे फातिहाचं शुभ सरबत आलं. मी निश्चयाने नको म्हटलं. मग इन्जीच्या आजीने चॉकलेट तोंडात टाकलं आणि रुमालात काढलं. म्हणाली, सरबत घेत नाही, आमची तोंडं कडू करतो, हा सोयरिकीला आलाय की मयताला? आमचे हे गेले तेव्हा बिनसाखरेची कॉफी दिली होती, ती याहून गोड होती.
मी समजावून सांगितलं की यात कार्ब जवळपास नाहीतच. इन्जी डोळे पुसत आत गेली. तिचे वडील म्हणाले, फातिहाचं नंतर बघू. नंतर म्हणजे नाही असं नव्हे. आई उगाच अर्थ काढते.
उठताना बटण उडालं. त्यांच्या सोफ्याखाली गेलं.

९ नोव्हेंबर
इन्जीचा भाऊ ट्रे परत देऊन गेला. आत ये म्हटलं, आला नाही. एक चॉकलेट कमी होतं. त्या जागी माझं बटण ठेवलंय, कागदात नीट गुंडाळून.
आई नळ सोडून स्वयंपाकघरात रडतेय. मलाही फार वाईट वाटतंय.
सकाळपासून तेच कडू चॉकलेट खातोय. दुसऱ्या कशाचीही इच्छा नाही. पथ्य आज पहिल्यांदा पूर्ण पाळलं गेलं.