सोजरबाईंच्या रोडग्यांची वेबसाइट

अनसिंग

ती. वच्छलाआत्या,

दंडवत. इकडे सगळे मजेत. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेवटचा मजकूर साऱ्या गल्लीने ऐकण्यासारखा नाही.

तर तुझ्या मेडशीच्या नणंदबाईंची, म्हणजे सोजरबाईंची वेबसाइट मी केली. (काम तूच मिळवून दिलंस, तेव्हा निम्मा दोष तुझा.) आधी गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते विचारायचं आणि मगच कामाला हात घालायचा, हे मला ठाऊक होतं. प्रश्नही तयार होते. पण त्या दिवशी बाई कुणाच्या तरी शेतात नवसाच्या पंगतीचे रोडगे भाजत बसलेल्या. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, "पहिले जेव, मंग बोलू." गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे खरपूस रोडगे, वर तूप, शेजारी वांग्याची भाजी, आणि वाढायला त्यांची लेक पौर्णिमा. (ती आग्रह फार करते.) जेवून आंब्याखाली जो आडवा झालो, तो एसटीच्या वेळेलाच उठलो. म्हटलं, विचारायचं काय त्यात? रोडगे करणाऱ्या बाईला ऑर्डरीच हव्या असणार.

मग काय, वेबसाइटच्या माथ्यावर त्यांचा नंबर टाकला. लाल, लुकलुकणारा, बोट लागलं की थेट फोन. आणि फोन लागले ते थांबेचनात. पुण्याच्या एका गृहस्थांनी तर रोडगे कुरिअरने मागवले! कणकेच्या हातांनी बाई फोन घेणार, तोवर इकडे विस्तवात रोडगे काळे. एका पंगतीत निम्म्यांचा कोळसा झाला आणि बाईंचं एवढ्या वर्षांचं नाव जायची वेळ आली. मला बोलावणं आलं.

"अरे बाप्पा, फोन वाजू नये म्हून तं वेबसाइट कराले सांगतली होती! लोकं तेच ते इचारून राह्यले, ते तिथं लिहून टाकाचं होतं. तू तं माह्या गळ्यात घंटीच बांधली! मले इचारलं काहून नाही?"

तुम्ही जेवू घातलंत म्हणून, असं काही मला म्हणवेना. फार वाईट वाटलं, आत्या. या वेळी उपाशीपोटी बसलो आणि सगळं विचारून घेतलं. आता वेबसाइटवर नंबरच नाही. गोवऱ्या आणि वांगी तुम्ही आणायची, पेरणीच्या दिवसांत पंगत नाही, कुरिअर तर नाहीच नाही, असं ठळक लिहिलंय. मोकळ्या तारखा पौर्णिमा टाकते, लोक तिथेच नाव नोंदवतात. (त्यात बारीकसारीक दुरुस्त्या निघतात, त्यासाठी मला मेडशीला जावं लागतं.) परवाच्या पंगतीत एकही रोडगा करपला नाही, आणि कितीतरी वर्षांनी बाई स्वतः गरम गरम जेवायला बसल्या. ते बघून माझं पोट भरलं. तरी जेवलोच.

आतोबांना नमस्कार सांग, गुडघ्याला तेल लाव.

तुझा भाचा,
हरीओम

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की पौर्णिमेसाठी माझं नाव तू सोजरबाईंकडे काढावंस. पण त्याआधी पौर्णिमेच्या मनात काय आहे ते विचारून घे. न विचारता सुरुवात करायची नाही, असं मी ठरवलंय.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी सहज वेबसाइट उघडली. (तुला पत्र लिहितोय, एवढंच मी पौर्णिमेला बोललो होतो.) कुरिअरच्या सूचनेखाली आज नवी ओळ दिसतेय : "वेबसाइटवाल्याले काही इचाराचं असन तं मामीले मधात घालू नये. सोता यावं. जेवाच्या आधी." तेव्हा आत्या, वरचं राहू दे. मी सकाळच्या एसटीने निघतोय, उपाशी.