दोशीसरांचे शिफारसपत्र

मंगळवार, १६ ऑक्टोबर १९५६

पत्र गुजरातीत! नलूने पाकीट दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरले.

"तात्या, दोशीसर इंग्रजी वाचतात, पण लिहीत नाहीत. जर्मनीच्या विद्यापीठाला इंग्रजी हवंय. आणि मी ते वाचायचं नाही, नियम आहे."

म्हणजे भाषांतर मी करायचे. सरकारी भाषांतर कचेरीतली माझी चौतीस वर्षे तिला बरोबर आठवली! जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर झालेल्या गोळीबारानंतर मी गुजरातीचा एक शब्दही उच्चारलेला नाही, हे मात्र आठवले नाही. तसे बोलून दाखविले.

"मग उच्चारू नका ना. नुसतं भाषांतर लिहा!"

आजोबांना हे उत्तर!

बुधवार, १७ ऑक्टोबर

प्राचार्यांचे शिफारसपत्र आले, इंग्रजीत. उद्योगी, नम्र, वर्तन उत्तम. नलूचे नाव खोडून दुसऱ्या कोणाचेही घातले तरी चालेल. व्याकरण मात्र निर्दोष.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

भिंग घेऊन बसलो. मोतीबिंदूमुळे एका वेळी चारपाचच अक्षरे दिसतात. शस्त्रक्रियेस मी तीनदा नकार दिला, त्याची ही शिक्षा.

दोशी लिहितात : "जानेवारीत शहर पेटले. आमच्या गल्लीत मराठी माणूस येईना, तिच्या गल्लीत आम्ही जाईना. त्या आठवड्यात ही मुलगी रोज भुलेश्वरास चालत आली. अर्धमागधी पोथीची नक्कल अर्धी राहिली होती. मी म्हटले, घरी जा. ती म्हणाली, सर, एवढे पान पुरे होऊ द्या."

आम्ही समजत होतो, ती नायगावला आत्याकडे अडकली आहे! मी येथे गिरगावात त्या भाषेच्या नावाने बोटे मोडीत होतो, आणि ही त्यांच्याच ओसरीवर बसून दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाणीचे एकेक अक्षर उतरवीत होती.

लेखणी पुढे जाईना. सूनबाईने विचारले, "काय झालं, मामंजी? आमच्या नलूबद्दल वाईट लिहिलंय का?"

"भाषांतरकाराने मजकूर फोडायचा नसतो."

बावीस वर्षे माझ्या घरात वाढलेली मुलगी मला आज परक्या लिपीत भेटली. आणि काय गुजराती लिहितो हा माणूस! एक विशेषण फुकट नाही.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

शेवटचा परिच्छेद : "शंका एकच आहे. तिचे आजोबा आता धड वाचू शकत नाहीत; तीच त्यांना वाचून दाखविते. त्यांना टाकून ती येईल असे मला वाटत नाही. हे पत्र लिहू नका, असे ती मला दोनदा सांगून गेली; माझ्या आग्रहाखातरच तिने अर्ज भरला आहे."

भाषांतर मी करणार हे दोशींना ठाऊक होते. तरी लिहिले!

शनिवार, २० ऑक्टोबर

तो शेवटचा परिच्छेद गाळला तर? जर्मनीत गुजराती कोण वाचणार आहे!

सकाळी नलूने नेहमीप्रमाणे अग्रलेख वाचून दाखविला. मी दोनदा उच्चार सुधारले. तिने हसून सुधारून घेतले.

सोमवार, २२ ऑक्टोबर

सकाळी शेजारच्या रामदासला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो.

भाषांतर पूर्ण केले. एक शब्द गाळला नाही. पाकिटाला लाख लावली. नलूने ते न पाहताच टपालात टाकले.

चौतीस वर्षांत प्रथमच खाली स्वतःची ओळ घातली आहे :

'भाषांतरकाराची टीप — उपरोक्त आजोबा मीच. डोळ्याची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी ठरली आहे. विद्यार्थिनी येईल.'