टोपलीटोपलीची माती

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते काल दुपारी, ती मला म्हणाली, “खुरपी ठेव आणि हो बाजूला,” तेव्हा. ती म्हणजे इथली चित्रकार. खोदकामात जे निघेल त्याचं माप घेऊन चित्र काढते. मागच्या पत्रांत तिच्याशिवाय तुला काही वाचायला मिळालं नसेलच.

झालं असं. टेकाडाच्या पोटातून फार पूर्वी पुरलेला आमचा योद्धा निघाला. पायाशी घोडा, उशाशी भांडं आणि अंगावर तलवार, चक्क दुमडलेली. मला वाटलं मातीच्या भाराने वाकली. ती म्हणाली, तापवून मुद्दाम वाकवायचे, धनी गेल्यावर दुसऱ्या कोणी ती उचलू नये म्हणून. हे सांगताना तिच्या नाकाला माती लागली होती. मी पार कामातून गेलो.

तिच्यासाठी काहीतरी करावं म्हटलं. खड्ड्याच्या उभ्या भिंतीचं ती चित्र काढत होती. भिंत डागाळलेली, जागोजाग खिळे टोचलेले. ती जेवायला गेली तेवढ्यात मी खिळे उपटले आणि भिंत तासून गुळगुळीत करून ठेवली. ताई, तो एकेक डाग म्हणजे एकेक टोपली माती होती. योद्ध्याला पोचवायला आलेल्यांनी हे टेकाड रचताना आपापली ओतलेली. खिळे लावून तिने टोपल्या आखल्या होत्या.

ती ओरडली नाही, खुरपी ठेव आणि हो बाजूला एवढंच म्हणाली, तेच लागलं. मग मीच ओरडलो, की माती ती माती. खुरपी फेकली आणि साहेबांना सांगितलं, उद्यापासून येत नाही. शनिवारी घरी पोचतो. आईला इतक्यात सांगू नकोस.

अजूनही लाडका असेन असं धरून चालणारा,
तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

शनिवारी येऊ नकोस. तुझ्या खोलीत दाजींनी सायकल खोलून ठेवली आहे, आणि ती पुन्हा जोडता येत नाही हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

कॉलेज सोडलंस, कारण सर वर्गात तुला हसले. आता हे सोडतोस, कारण एका मुलीने बाजूला हो म्हटलं. तिचं काय चुकलं? जिथे तोंड दाखवायची लाज वाटते, ती जागाच तू सोडून देतोस. अशाने जागा किती पुरणार तुला?

जा आणि माफी माग. ‘पण’ न लावता. आणि बाबा रे, माफी आणि मागणी एका दमात उरकू नकोस.

आई मजेत आहे. तिला सगळं माहीत आहे.

माया आहे म्हणूनच बोलते,
ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

‘पण’ ओठावर आला होता, गिळला. साहेब म्हणाले, राजीनामा तोंडी होता, मला ऐकू कमी येतं. तिने खुरपी हातात दिली आणि वीतभर आत तासायला सांगितलं, हळू. मी तासलं तेवढं गेलंच, पण मागे त्याच टोपल्या पुढे चालू होत्या. आता मी तासतो, ती खिळे लावते. एक टोपली काळी, एक तांबडी, एक नदीच्या वाळूची, शिंपल्यांसकट. अशी माती जवळपास कुठेच नाही. म्हणजे लोक लांबून आपापल्या गावची माती डोक्यावर घेऊन आले होते.

काल ती योद्ध्याकडे बघून म्हणाली, “तुझ्यासारखाच तापट असणार हा. तरी बघ किती माणसं आली.”

मी मान खाली घालून तासत राहिलो. रात्रभर मात्र बरंच सुचलं. माफीला आता पुष्कळ दिवस झाले, तेव्हा तुझी अट पाळली असं समज. अजून उजेड आहे, ती खड्ड्यावर एकटीच मापं लिहीत बसली आहे. तिला सांगून टाकतो. ती नाही म्हणाली तरी उद्या सकाळी मी कामावर आहे, हे साहेबांना आधीच सांगून ठेवलंय.

दाजींची सायकल मी आल्यावर जोडेन. आईला नमस्कार. तुझे धपाटे असेच चालू राहोत.

पाकीट उद्या टाकतो. आत्ता चपला घातल्यात, आणि हे दार ओढून घेतलं.

तुझा,
भडकू