नॉर्वेची बाई आणि आमची अडकणारी तबकडी

इलोइलो,
रविवार, चर्चची मिसा आणि नाश्ता दोन्ही उरकून

ती. मानांग सेवेरिना,

तुझा उजवा हात इथूनच माझ्या कपाळाला लावते आणि आशीर्वाद मागते. (डावा नको. थोरल्या बहिणीच्या त्या हाताच्या चपराका मला अजून आठवतात.) तुझा गुडघा कसा आहे? पित्ताशयाचं काय म्हणणं आहे? आणि तुझा तो कोंबडा, जो भल्या पहाटे ओरडायचं सोडून दुपारी तुझ्या झोपेच्या वेळी ओरडतो, तो अजून अंगणातच आहे की रश्शात गेला? सगळं सविस्तर कळव. फोन करणार होते, पण तू "मी बरी आहे, तू बरी आहेस, उगाच बिल वाढतंय, ठेव" असं एका दमात म्हणतेस आणि खरोखरच ठेवतेस. म्हणून पत्र. पत्र तुला मधेच ठेवता येणार नाही.

तसं लिहायला खास कारण काही नाही. थोडं संगीताविषयी लिहावं म्हटलं.

झालं असं की आमच्या चर्चच्या ज्येष्ठ मंडळींनी एक नवं खूळ काढलंय. खूळ अर्थात पुरिंगचं. (गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहून आयुष्यभर बेसूर गाणारी, तीच ती.) महिन्यातल्या एका रविवारी दुपारी हॉलात जमायचं, एकेकाने आपले सगळ्यात लाडके अल्बम आणायचे, सगळ्यांना ऐकवायचे, आणि ते आपल्याला एवढे जवळचे का, हे उभं राहून सांगायचं. आधी आम्ही बिंगो खेळायचो, पण त्यात दर वेळी भांडणं व्हायची. संगीतात भांडणं होत नसतात, असं पुरिंग म्हणाली. तिला संगीतातलं किती कळतं ते यावरून तुझ्या लक्षात येईल.

काही महिन्यांपूर्वी पाळी माझी होती. घरात एवढ्या तबकड्या, निवडू कुठली? आठवडाभर मी त्या पलंगावर मांडत होते, उचलत होते, आणि झोपायला जागा नाही म्हणून आरामखुर्चीत झोपत होते. शेवटी तीन घेतल्या.

पहिली आपल्या वडिलांची, तंतुवाद्यांच्या ताफ्याची. तुला आठवते ना, जिच्यावर मांजरीचं बाळंतपण झालं होतं? तिच्यावर तू मला वॉल्ट्झ शिकवलास, माझे पाय तुझ्या पायांवर ठेवून. मी हॉलात सांगितलं की ती लागली की मला अजूनही माझ्या पायांखाली दुसरे दोन पाय आहेत असं वाटतं, त्यामुळे पडायची भीती वाटत नाही. दोन बायकांनी डोळे पुसले. (तू तेव्हा "जाडे, उतर आता" म्हणायचीस, ते मी सांगितलं नाही.)

दुसरी ख्रिसमसची. सप्टेंबर उजाडला की मी ती लावते आणि जानेवारी अर्धा सरेपर्यंत उतरवत नाही. आर्सेनियो गेला त्या वर्षी मात्र हात गेला नाही. ऑक्टोबर आला तशी समोरची म्हातारी काठी टेकत दारात आली आणि म्हणाली, "चोलेंग, तुझ्या नवऱ्याचं ऐकून वाईट वाटलं, पण ख्रिसमस रद्द झालाय का? तसं असेल तर मी डुकराचं पिल्लू घेतलंय, त्याला परत देऊन येते." मी हसले, मग रडले, मग तबकडी लावली. म्हणून ती दुसरी.

तिसरी म्हणजे तीच, लुसिंग अल्तामिरानोची प्रेमगीतं. अडकणारी. मागच्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात "थोडं थांब" या शब्दांवर पिन अडकते, आणि ती बाई "थोडं थांब, थोडं थांब, थोडं थांब" म्हणत राहते, जोवर कुणीतरी जमिनीवर पाय आपटत नाही. आमच्या घरात पाय आपटायचा मान आर्सेनियोचा होता. तिसऱ्या "थांब"ला त्याची टाच पडायची, पिन उडी मारायची, गाणं पुढे जायचं. आमच्या मुलांना ते गाणं असंच आहे असं वाटत आलंय. एका लग्नात बँडने ते वाजवलं तेव्हा आमचं अख्खं टेबल तीनदा "थोडं थांब" म्हणालं आणि सगळ्यांनी एकदम पाय आपटले. ट्रंपेटवाला भूकंप समजून बाहेर पळाला. तूही होतीस तिथे, आणि तूही पाय आपटलास. मी पाहिलंय.

आता हॉलात काय घडलं ते ऐक. रेकॉर्ड प्लेयर सांभाळायचं काम मंडळींनी तेओफिलो माग्बानुआकडे दिलेलं आहे. तुला तो माहीत नसणार; वयाने मोठा म्हणून सगळे त्याला मानोंग म्हणतात. जन्मभर परदेशी जहाजांवर इंजिनरूममध्ये होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आता छोट्या चॅपेलच्या मागच्या गल्लीत एकटा राहतो. उंच, नीटनेटका, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावतो, आणि जे दिसेल ते दुरुस्त करतो. चर्चचा पंखा त्याने दुरुस्त केला. घंटा दुरुस्त केली. पुरिंगचा आवाज तेवढा राहिलाय. तर माझं गाणं सुरू झालं, मी डोळे मिटले, पहिलं "थोडं थांब" आलं, दुसरं आलं, मी पाय उचलला, आणि तेओफिलोने करंगळीने पिन अलगद पुढे ढकलली. गाणं निघून गेलं. मी तशीच हॉलाच्या मधोमध, एक पाय वर करून, बगळ्यासारखी.

"आता ठीक वाजतंय बघा, चोलेंग," तो म्हणाला. वर हसला.

मी म्हटलं, "मानोंग, तुम्ही माझ्या नवऱ्याचा पाय कापलात."

बिचाऱ्याला कशातलं काही माहीत नव्हतं. तो "पण ती अडकत होती हो" एवढंच पुटपुटला आणि शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत राहिला. मी तबकड्या गोळा केल्या आणि केळीच्या पानावर भाजलेली गोड बिबिंका न खाता घरी आले. (बिबिंका न खाता. यावरून काय ते समज.)

पुढच्या महिन्यात पाळी त्याची होती. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. मनात चांगले हेतू नव्हते. त्याने एखादा शब्द चुकवला तरी मोठ्याने हसायचं, असं ठरवून, केस वगैरे विंचरून गेले होते. त्याने एकच अल्बम आणला होता, दोन फडक्यांत गुंडाळून. नॉर्वेतल्या बेर्गेन बंदरात, पावसात, एका जुन्या सामानाच्या दुकानात त्याला तो मिळाला. कव्हरवर समुद्राकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभी असलेली एक बाई. त्याला भाषा येत नव्हती. पण जहाजाच्या पोटात, ड्यूटी संपल्यावर, ती एकटीच त्याच्याशी बोलायची.

"मला शब्द कळत नाहीत, पण दुःख कळतं," तो म्हणाला. "तिची तीन मुलं समुद्रावर गेलीत. ती रोज किनाऱ्यावर येते, हात पसरते, त्यांना हाका मारते. नावंही घेते. एन, तू आणि त्रे."

त्याने पिन टेकवली. खालच्या सुरात पियानो, आणि त्यावर त्या बाईचा जाडसर, शांत आवाज. मानांग, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. एन, तू, त्रे. मग थोडं काहीतरी बोलायची, थांबायची, पुन्हा एन, तू, त्रे. पुरिंगने नाक शिंकरलं. मला ती तिन्ही पोरं दिसायला लागली. धाकटा बुटका होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं. नेनिता. डॉक्टरांची मेव्हणी, नॉर्वेतच इतकी वर्षं नर्स होती आणि आत्ताच परत आलीय. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं, पण खांदे गदगदत होते.

"माफ करा मानोंग," ती म्हणाली, "पण ते एक, दोन, तीन आहे. ती म्हणतेय, उजवा गुडघा वर. श्वास घ्या. आता डावा. ही सकाळच्या व्यायामाची तबकडी आहे."

त्यानंतर जे हसू फुटलं, मानांग, तसं त्या हॉलात कधी फुटलं नव्हतं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. कुणाची तरी कवळी निघाली. आणि मधे तो, टेबलाला धरून, इस्त्रीच्या शर्टात, हसायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. हात त्या कव्हरवर ठेवला होता, बाईचे कान झाकावेत तसा.

मी याचसाठी आले होते ना? मग हसायचं. पण हसू येईना. काय झालं मला माहीत नाही, मी उठले, खुर्चीची पाठ धरली, आणि नेनिताला म्हटलं, "पुढे काय म्हणतेय ती? नीट सांग."

"उजवा गुडघा वर, मानांग चोलेंग."

मी उजवा गुडघा वर केला.

"श्वास घ्या."

मी घेतला. (झगा काखेत उसवला. निळा. तू दिलेला.) मग माझ्या शेजारची उठली, मग तिचा नवरा, मग पुरिंग, आणि बघता बघता सगळा हॉल खुर्च्या धरून उभा. नेनिता भाषांतर ओरडतेय, नॉर्वेची बाई मोजतेय, सगळी म्हातारी मंडळी गुडघे वर करतायत आणि "एन! तू! त्रे!" म्हणून गर्जना करतायत. फादर आवाज ऐकून धावत आले. आम्हाला सगळ्यांना एका पायावर उभं बघून त्यांनी आधी क्रुसाची खूण केली. मग काय चाललंय ते विचारलं, आणि मग तेही एका पायावर उभे राहिले.

गाणं संपलं. म्हणजे व्यायाम संपला. मी धापा टाकत तेओफिलोला विचारलं, "मानोंग, आता कळलं तर ऐकणं सोडणार का?"

"का सोडू?" तो म्हणाला. "तिथे खाली मला दुसरं कुणी विचारत नव्हतं. ती श्वास घे म्हणायची, आणि मी घेत होतो."

मी जाऊन बिबिंका खाल्ली. त्याचाही तुकडा खाल्ला.

तेव्हापासून तो सकाळी तबकडी घेऊन माझ्या ओसरीवर येतो. आधी आम्ही दोघंच होतो, आता अर्धी गल्ली असते, आणि समोरच्या म्हातारीने काठी धरूनच एक नवा प्रकार बसवलाय. माझी कंबर सुधारलीय. व्यायाम झाला की कधीकधी मी लुसिंग लावते. पहिल्यांदा लावली तेव्हा तो खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, चुकून पिनेला बोट लागू नये म्हणून. दुरुस्तीची इतकी खाज असलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल बघ. "टाच तुम्हीच मारा," तो म्हणाला. "ते काम माझं नाही." ती मी मारली. आता मीच मारते.

बाकी सगळं पहिल्यासारखंच. तब्येतीला जप, कोंबड्याला माफ कर.

तुझी धाकटी,
सोलेदाद (चोलेंग)

ता. क. सोबत गिमारासचे आंबे आहेत. वरचे आजच खा, खालचे दोन दिवस तांदळात ठेव.

ता. क. दुसरा. मिसेनंतर फादर कुणाकुणाची लग्नं ठरलीत ती नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. तसं आज एक नाव माझं होतं. दुसरं तुझ्या लक्षात आलंच असेल. हरकत कुणी घेतली नाही. पुरिंग खोकली, पण तिला सर्दी आहे. त्याने लग्नाचं विचारलं कधी म्हणशील, तर माझा गुडघा वर असताना. नॉर्वेची बाई "असेच थांबा" म्हणाली होती, मला खाली ठेवता येईना आणि उत्तरही टाळता येईना. आर्सेनियोच्या वेळी मी तुला लग्न झाल्यावर सांगितलं म्हणून तू वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस. म्हणून या वेळी आधी सांगतेय. फादरच्या नंतर, पण लग्नाच्या आधी.

ता. क. तिसरा. आंबे पोस्टाने येत नसतात हे तुझ्या एव्हाना ध्यानात आलं असेल. तुझ्या दारात आंब्यांची टोपली घेऊन जो उंच माणूस उभा आहे, तोच तेओफिलो. तुझी परवानगी मागायला रीतसर बोटीने आलाय. बस म्हटल्याशिवाय तो बसणार नाही, आणि चहात साखर चालते म्हणेल, ती त्याला चालत नाही. नळ वगैरे गळत असेल तर दाखव, त्याला बरं वाटेल.

ता. क. चौथा, आणि हा नीट वाच. तो यायला घाबरत होता, म्हणून मी त्याला सांगितलंय की मानांगला सगळं महिन्यापूर्वीच कळलंय, आणि ऐकून ती आनंदाने रडली. तो आता तुझ्या तोंडाकडेच बघत असेल. तेव्हा पत्राची घडी घाल, चष्मा काढ, आणि थोडंसं रड.