वेळापूरला वाढलेला दिवस

अण्णा, काल वेळापूरला जाऊन आले, एकटीच. एसटीनं दुपारच्या आत पोचले. आपल्याला तेव्हा सोलापुराहून दमणीतून पाच दिवस लागले होते, कारण वाटेत एखादी पडकी वेस किंवा वीरगळ दिसला की तुम्ही बैल थांबवायला लावायचात आणि गाडीवान कपाळाला हात लावायचा. माचणूरला किल्ल्याच्या तटावर बसून, खाली भीमा बघत, आपण भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मंगळवेढ्याला एका गोठ्याच्या भिंतीतला कोरीव दगड बघायला तुम्ही वाकलात आणि म्हशीनं तुमची टोपी चाटून ठेवली. शाळेत पोरं ज्यांना बघून चळाचळा कापायची ते चित्रकलेचे मास्तर ओल्या टोपीनं गोठ्यात उभे! मी हसत सुटले, मग तुम्हीही. आई गेल्यापासून आपण दोघं असे हसलो नव्हतो.

माघात माझं लग्न ठरलं होतं, दूर हुबळीला. म्हणजे नाताळच्या सुट्टीतली ही आपली शेवटची भटकंती. दोघांनाही ते ठाऊक होतं, बोललं मात्र कुणीच नाही. वेळापूरच्या जुन्या देवळातल्या शिलालेखाचा ठसा घ्यायचा आणि परत फिरायचं, एवढंच उरलं होतं. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग काजळीच्या शाईचा बोळा हलक्या हातानं टिपत जायचा. अक्षरं पांढरी उमटतात. शेवटी कागद दगडावरच सुकू द्यायचा, ओला उचलला की गेला. हे मला लहानपणापासून पाठ होतं. तुम्ही आडावर हात धुवायला गेलात. बाहेरून गाडीवान ओरडला, "मास्तर, बैलं जुपू का? दिवस बुडायच्या आत मुक्काम गाटाया पायजे की!" मी कागदाचा कोपरा धरला आणि ओढला.

वाऱ्यानं फाटला, असं मी तुम्हाला सांगितलं. देवळाच्या आत कसला आलाय वारा, अण्णा! मला तुमच्याबरोबर आणखी एक दिवस हवा होता, बस. तुम्ही फाटका कागद हातात धरून म्हणालात, "तुझ्या हाताला धीर नाही. सासरी हेच करशील आणि लोक मला विचारतील." दुसऱ्या दिवशी सकाळी, परतताना माचणूरला लागेल म्हणून राखून ठेवलेला शेवटचा कागद तुम्ही भिजवलात. ब्रश माझ्या हाती दिला नाहीत. तुम्ही खांबाला टेकून बसलेले, मी पायरीवर, मधे तो कागद सुकतोय. एवढ्या हौसेनं मिळवलेला दिवस, आणि तो असा चालला होता. पुढं हुबळीत कानडी बोलणाऱ्या बायकांत तोंड मिटून बसायची, तेव्हाही इतकं एकटं वाटलं नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तुम्ही गेलात. तार मिळून मी सोलापूर गाठलं तोवर सगळं उरकलेलं. घरात कुणी नव्हतं. तुमच्या ट्रंकेतून मी तो ठसा तेवढा उचलून आणला. काल दगडापाशी उभी राहिले, तर तेलानं तो पार काळा झालेला. गुरवाच्या सुनेला अक्षरांचं विचारलं. ती म्हणाली, "अक्षरं? हितं कसली अक्षरं, आजी? न्हाईत की." आपण तिथं दोन दिवस बसलो होतो, हे ओळखणारं माझ्याशिवाय आता कुणीच राहिलेलं नाही. हे पत्रही ठशाच्या गुंडाळीतच ठेवणार आहे, दुसरं कुठं ठेवू?

एक सांगायचं राहिलं. त्या दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर गाडीवानानं विचारलं, "सुकला का न्हाय अजून?" तुम्ही कागदावर नखानं टिचकी मारलीत आणि म्हणालात, "ओला आहे. उद्या सकाळी निघू." तुम्ही पुन्हा खांबापाशी जाऊन बसलात, तेव्हा मी हळूच हात लावून पाहिला. कागद पापडासारखा कडकडीत वाळला होता. मला तेव्हाच कळलं, अण्णा. पण मी रुसले होते, म्हणून उठून तुमच्याशेजारी येऊन बसले नाही.