दुसरा ड्रायव्हर

तळोजे,
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

प्रिय दिना यास,

अब्दुल्लाचा सलाम. इकडे सगळे खुशाल आहेत. अरुणावहिनी आणि वरदही ठीक असतील, असं धरून चालतो. सफियाचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलाय. हादियाची यंदा बारावी, म्हणून घरात रेडिओ लावायचा नाही असा हुकूम निघालाय. माझा उजवा डोळा शाबूत आहे. डाव्याचं तुला माहीतच आहे.

सोळा वर्षांत तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. हसू नकोस. तळोज्याहून कळंबोलीचं ऑफिस ते काय लांब? पण चार वेळा बूथवरून फोन केला आणि चारही वेळा ऑफिसातून तुझा दिलीप म्हणाला, "शेट बाहेर गेलेत." मागून तुझा खोकला ऐकू येत होता. तुझा खोकला मला ओळखू येणार नाही होय रे? आणि तोंडावर बोलायला आलो तर मी ओरडणार, हमाल गोळा होणार, तमाशा होणार. कागदावर माणसाला ओरडता येत नाही, म्हणून कागद.

यंदा वहिनींचा फराळ आला नाही. सफिया म्हणाली, "बरं नसेल त्यांना." मीही तेच धरलं. आपल्या गाडीवरच्या किसनला जाऊन दोन आठवडे झालेले, अशात कुणाला चकल्या तळाव्याशा वाटतील? मला आपलं उलट बरं वाटलं, की दिनाच्या घरीसुद्धा किसनचा दुखवटा पाळतायत. बघ, किती गाढव आहे मी.

गुरुवारी किसनची बायको आली होती. जयमाला. दारातच उभी राहिली. सफियानं पाणी दिलं, ते तिनं हातात धरलं पण प्यायली नाही. म्हणाली, "चाचा, मी भांडायला नाय आले. एवढंच सांगा, पनवेलला तुमी गाडीतून का उतरलात?"

मी म्हटलं, "कुठल्या गाडीतून गं?"

"त्यांच्या गाडीतून. तुमी दुसरे ड्रायव्हर होतात ना? शेटनं आरटीओला लिहून दिलंय. दिलीपभाऊंनी वाचून दाखवलं मला. तुमी न सांगता उतरून घरी आलात, म्हणून ते एकटे पडले. शेट बोलले होते थांब, तर हेच हट्टानं गाडी घेऊन पुढं गेले." मग तिनं ग्लास खाली ठेवला. "एवढी कसली घाई होती चाचा तुमाला घरी यायची?"

दिना, मी काय उत्तर दिलं असेल सांग? माझी जीभच उचलेना. ती गेल्यावर सफिया मला म्हणाली, "अहो, तुम्ही तर त्या दिवशी दुपारी माझ्यासमोर बसून कालवण-भात खाल्लात." खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी आरटीओत गेलो. तिथल्या साहेबानं तुझं उत्तर माझ्यासमोर ठेवलं. टाइप केलेलं, खाली तुझी ऐटबाज सही. अपघातानंतर तुला आलेली नोटीस काय होती तेही तेव्हाच कळलं. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत, एकानं आठ तासांच्या वर चालवायचं नाही, आणि तुमचा ड्रायव्हर चार दिवस एकटा कसा काय चालवत होता? सहाच्या सहा गाड्यांची परमिटं रद्द का करू नयेत? सुनावणी २४ तारखेला. त्यावर तुझं उत्तर, की दुसरा ड्रायव्हर होता, श्री. अब्दुल्ला उस्मान पटेल. पुरावा म्हणून गाडीची तासांची वही जोडलीय. त्यात १४ ऑक्टोबरच्या पानावर, "सकाळी ११, पनवेल, चालक क्र. २ स्वतःच्या मर्जीने उतरले." त्याखाली माझी सही.

सही खोटी नाही. खोटी असती तर मी तिथंच तुझ्या नावानं शंख केला असता. सही माझीच. रमजान ईदला तू घरी आलास, एका हातात शीरखुर्म्याची वाटी, दुसऱ्यात वही. म्हणालास, "अब्दुल, पन्नास पानं आहेत, एकदाच उरकून टाक, म्हणजे सारखं सारखं यायला नको." मी उरकून टाकली. कोरी पानं. शेवटी शेवटी हात दुखला तेव्हा तू म्हणालास, "मोठा माणूस झालास, ऑटोग्राफ देतोयस." आपण दोघं किती हसलो! सफियानं तुला आणखी एक वाटी दिली.

लायसन्सही मीच दिलं होतं. डोळा गेला तेव्हा ते जमा करायला निघालो होतो. तू म्हणालास, "राहू दे रे, फाइलला दुसऱ्या ड्रायव्हरची झेरॉक्स लागते. सगळी कळंबोली हेच करते." खरंच करते. नूतनीकरणाच्या वेळी एजंटानं डॉक्टरचा फॉर्म आणला, त्यावर माझे दोन्ही डोळे एकदम फर्स्ट क्लास. मग सहाही गाड्यांवर मीच दुसरा. मी एकाच दिवशी सुरतेत, इंदूरला आणि होसूरला! दिलीप मला पीरबाबा म्हणायचा. मीही ऐटीत म्हणायचो, "बोला बच्चा, आज कुठं प्रकट होऊ?"

म्हणजे तुझा हिशेब मला कळतो. अब्दुल बोलणार नाही. बोलला तर आंधळ्या डोळ्यानं लायसन्स ठेवल्याबद्दल आधी त्यालाच धरतील. आणि नाही बोलला, तर काय, एक म्हातारा ड्रायव्हर घरी पळून आला, एवढंच. अरे, दुसऱ्या कुणाचंही नाव घालायचं होतंस! वाळव्याचा तो गोटीराम तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, त्याचं घालायचंस. पण नाही. तुला खात्री होती ती माझीच. सोळा वर्षांची दोस्ती तू कशाला वापरलीस, तर मी गप्प बसेन म्हणून. हेच मला गिळवत नाही बघ. तू खोटं बोललास हे नव्हे. धंद्यात मीही बोललोय. तू मला बरोबर ओळखलंस आणि त्या ओळखीवर माझा गळा कापलास.

आपली पहिली गाडी आठवते? लोखंडाचा बाजार तेव्हा नुकताच मुंबईहून कळंबोलीला यायला लागला होता. सगळीकडे चिखल, आणि आपल्याकडे तीन हातांतून गेलेली एकच गाडी. कागदावर तू, रस्त्यावर मी. तुला धड सायकल चालवता यायची नाही, तरी प्रत्येक खेपेला केबिनमध्ये माझ्या बाजूला बसायचास. का, तर अब्दुलला झोप लागू नये. गावच्या मास्तरांच्या नकला करायचास, चिमटे काढायचास, तुझ्या आवाजात ती भयंकर भजनं म्हणायचास. आणि कोल्हापूरच्या पुढं माझी मान पडायला लागली की सरळ किल्ली काढून घ्यायचास. "झोप. माल गेला खड्ड्यात." हे तुझे शब्द. तो दिना कुठं गेला, हे मी कुणाला विचारू? सीवूड्सच्या नव्या सोसायटीत तो राहत नाही, एवढं कळलं.

एवढं लिहून मघाशी पेन खाली ठेवला होता. नमाज झाली, चहा झाला. खरं तर पत्र इथंच संपवणार होतो. तुझी सगळी पापं लिहून झाली होती. पण जयमालानं मला विचारलं तेव्हा माझी जीभ उचलली नाही, ती काही फक्त तुझ्यामुळं नव्हे. ते आता लिहितो. तुलाही ते माहीत नाही.

१४ तारखेला सकाळी मी यार्डात होतो. किसन होसूरची खेप करून नुकताच आला होता. जाऊन-येऊन चार दिवस, एकटा. डोळे लालभडक, तोंडावर पाणी मारत होता. दुसरी गाडी लोखंडी पत्र्याची कॉइल भरून उभी. मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, आज माझ्याच्यानं नाय होणार. सरळ रस्त्यात डोळा लागतोय. मी बोललो तर शेट चिडतील. तुमी सांगा ना, तुमचं ऐकतात." नऊ वर्षांपूर्वी त्याला स्टिअरिंग मी धरायला शिकवलं, म्हणून माझ्याकडे आला.

मी आत आलो. तू फोनवर होतास. बस, असा हात केलास. मी बसलो. चहा आला, तो प्यायलो. तुझा फोन संपेना. पार्टीला तू सांगत होतास, गाडी निघाली, दहा मिनिटांत निघाली. मध्ये एकदा तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस, काय काम? मी म्हटलं, "काही नाही, असाच." आणि उठून बाहेर आलो.

किसनला सांगितलं, "शेट नाही म्हणतात."

मी तुला विचारलंच नव्हतं, दिना. तू काय म्हणाला असतास, देवाला ठाऊक. मला वाटलं, नाहीच म्हणणार. पण खरं सांगू? माझा मानच आडवा आला. ज्या ऑफिसात मी पाय पसरून बसायचो, तिथं हल्ली तू मला हातानं बस म्हणतोस. तिथं तोंड वेंगाडायची लाज वाटली. वर किसनला फुशारकी मारली, "तुझ्या वयात मी चार चार रात्री न झोपता मद्रास गाठलंय. चहा मार आणि नीघ." थापा! मी एक रात्रसुद्धा एकट्यानं काढलेली नाही. माझ्या बाजूला तू होतास.

तो "बरं चाचा" म्हणाला आणि निघाला. दिवेलागणीला साताऱ्याच्या अलीकडे पुलाचा कठडा तोडून गाडी खाली गेली आणि मागची कॉइल केबिनमध्ये आली. पुढचं तुला माहीत आहे.

तेव्हा मी पनवेलला उतरलो नाही. मी त्या गाडीत चढलोच नव्हतो, आणि त्याला मात्र एकट्याला मीच चढवलं. आता तूच ठरव. २४ च्या आत ते उत्तर मागं घे. नवं लिही, दोघांच्या नावानं, जे खरं आहे ते. मी तुझ्या बाजूला उभा राहीन, माझं लायसन्स जाऊ दे, दंड होऊ दे, आत टाकू देत. पण किसननं हट्ट केला, हे तू लिहिलंयस ते पुसून टाक. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही रे.

वाट बघतोय.

अब्दुल


तळोजे,
बुधवार, २६ नोव्हेंबर १९९७

दिनानाथ,

पत्राचं उत्तर आलं नाही, अरुणावहिनी आल्या. सफियाच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. "भाऊजी, सहा गाड्या गेल्या तर आमी रस्त्यावर येऊ, तुमी फक्त गप्प राहा." माझं पत्र त्यांनी वाचलेलंच नव्हतं, तू दाखवलंच नाहीस. बाईमाणसाला पुढं केलंस! मी त्यांना चहा पाजला, रिक्षात बसवून दिलं, शब्द काही दिला नाही.

परवा साहेबासमोर मी काय बोललो ते तू ऐकलंस. डोळ्याचा हॉस्पिटलचा कागद मी ठेवला तेव्हा तू पंख्याकडे बघत होतास. तुझा वकील म्हणाला, हा माणूस सूडानं बोलतोय. तू त्याला गप्प केलं नाहीस. आता परमिटं निलंबित झाली, माझं लायसन्स गेलं, आणि त्या एजंटाच्या फॉर्मची पोलिसांत वेगळी केस होणार म्हणे. होऊ दे. यार्डात हमालसुद्धा माझ्याशी बोलत नाहीत, त्यांची मजुरी बुडाली. त्यांचं बरोबर आहे.

तिथून मी जयमालाकडे गेलो. सगळं सांगितलं. मी गाडीत नव्हतो हे सांगितलं. किसननं सुट्टी मागितली होती, मी आत जाऊन चहा पिऊन आलो आणि त्याला खोटं सांगितलं, हेही सांगितलं. वाटलं, ही चप्पल काढेल. काढायला हवी होती.

ती म्हणाली, "ते नको बोलले होते?"

मी म्हटलं, "हो."

"खरंच नको बोलले होते? तोंडानं?"

"हो गं. म्हणाला, आज माझ्याच्यानं नाही होणार."

तेव्हा ती रडली. दीड महिन्यात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मी रोज त्यांना शिव्या घालत होते चाचा. पोरांपेक्षा गाडी प्यारी झाली का म्हणून. त्यांच्या फोटोला हार नाय घातला मी अजून."

मला तिनं माफ केलं नाही. उठताना म्हणाली, "तुमी परत येऊ नका." नाही जाणार. पण तू जा. तिच्या दारात उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग, की किसननं हट्ट केला नव्हता. माझं सांगणं तिला पुरत नाही, कारण एकदा मी तिच्या नवऱ्याशी खोटं बोललोय. शेटनं लिहिलं होतं, तर शेटनंच येऊन खोडायला हवं.

ते करून आलास तर ये. सफिया दार उघडेल. नाही केलंस, तर माझ्या मयतीलासुद्धा येऊ नकोस.

अब्दुल्ला उस्मान पटेल