जावयाच्या हातात दिलेला पाना

बाबा, तुमची शर्यतीची मोटारसायकल आमच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती सहा पोत्यांत होती. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी यांनी ती पोती टेम्पोत टाकली तेव्हा जमलेले सगळे म्हणाले, बरं झालं, जवाई आहे म्हणून. तुमची एकुलती एक मुलगी तिथंच बसून कप विसळत होती. तिला कुणी विचारलं नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली.

त्या पोत्यांतला कोणता तुकडा कुठून आला हे मला माहीत होतं, यांना नव्हतं. इंजिन वणीच्या भंगारवाल्याकडचं, खाणीतल्या पंपांच्या ढिगाखाली दबलेलं. टाकी ढाणकीच्या एका शेतकऱ्याच्या घरची. त्यात तो रॉकेल भरून ठेवायचा आणि ती शर्यतीच्या गाडीची आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. सांगाडा यवतमाळच्या एका बंद पडलेल्या गॅरेजमधला, मधोमध वाकलेला. तरुणपणी नागपूरला तुम्ही तशी गाडी मैदानात पळताना पाहिली होती, एकदाच, आणि मग जन्मभर तिचे अवयव गोळा करत फिरलात. जेवताना तुम्ही हे सगळं आईला सांगायचे. आई 'हो का' म्हणून भाकरी वाढायची. ऐकत मी असायची.

पांढरकवड्याचं आपलं घर आठवतं. पुढे दुकान, मागे आपण, आणि मधल्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी. मी पीठ मळतेय आणि खिडकीतून पेट्रोलचा वास येतोय. तुम्ही कुणाच्या तरी गाडीची मूठ पिळताय, सोडताय, पुन्हा पिळताय. सातवीत जाईपर्यंत मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं होतं की बिघाड कुठे आहे. एका दुपारी तुम्ही एका मास्तरांच्या गाडीशी झटत होतात आणि मी खिडकी सोडून सरळ दुकानात आले. म्हणाले, "बाबा, ठिणगी उशिरा पडून राह्यली." तुम्ही थांबलात. मास्तर हसले. मी तोवर पाना उचललाही होता. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतला, मला मोरीवर नेलं आणि रॉकेलनं माझे हात धुतले, नखांच्या आतपर्यंत. "असे काळे हात घेऊन कोणाच्या घरी जाशीन? तुले काय समजते त्यातलं?" आवाज चढवला नव्हता तुम्ही. मी खिडकीत परत आले तेव्हा तुम्ही मी सांगितलं होतं तेच दुरुस्त करत होतात. मास्तरांची गाडी चालू झाली. तुम्ही खिडकीकडे पाहिलं नाही.

लग्नात तुम्ही मला शिलाई मशीन दिलं. स्वतः उघडून, साफ करून, नवीन पट्टा टाकून. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

पहिल्या दिवाळीला आम्ही आलो. हे तहसील कचेरीतले बाबू, शिक्षकाच्या घरात वाढलेले, पांढरी पँट घालून आलेले. चहा होण्याआधीच तुम्ही यांना दुकानात नेलं. "या जवाईबापू, पकडा." आणि पाना यांच्या हातात दिलात. यांनी तो उलटा धरला! खिडकीतून मी पाहिलं. तुम्ही हसलात, सरळ करून दिलात, आणि ठिणगी पाडणारा मॅग्नेटो म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलात, लहान मुलाला सांगावं तसं. चहा घेऊन मी दारात आले तर म्हणालात, "तिथंच ठेव बाई, इथं ऑइल सांडलं हाय." मी वर्षानुवर्षं खिडकीतून चोरून जे गोळा केलं होतं ते तुम्ही यांना अर्ध्या तासात देऊन टाकलंत. मग प्रत्येक सणाला तेच. मी माहेरी यायची आणि तुम्ही भेटायचे यांना.

यांचा राग करावा असं यांनी कधी काही केलं नाही. म्हणून तो जास्त येतो.

गेल्या तीन वर्षांत रविवार रविवार करून यांनी गाडी जोडली. लोक पाहायला येतात, फोटो काढतात. कुणीतरी फोटो फोनवर टाकला आणि खाली लिहिलं, सासऱ्याचं स्वप्न जावयानं पूर्ण केलं. दोनशे लोकांनी हात जोडले. मी भाजी फोडणीला टाकली होती, ती करपली.

पण गाडी चालू होईना. होळीपासून हे किक मारतात. ती एकदा खोकते आणि किक उलटी येते. यांच्या नडगीवर जांभळा डाग पडला. प्लग बदलले, कार्बोरेटर तीनदा धुतला, केळापूरहून एक मिस्त्री आला, आदिलाबादहून दुसरा. आमच्याही स्वयंपाकघराला खिडकी आहे, बाबा. दुसऱ्याच रविवारी मला कळलं होतं. ठिणगी लवकर पडतेय. ठिणगीची वेळ ठरवणारी पॉइंटची प्लेट काडीभर फिरवायची, बस. मी दोन महिने बोलले नाही. दर रविवारी ती उलटी किक ऐकायची आणि मला आतून बरं वाटायचं. एकदा हे टाकीवर कपाळ टेकवून बसले होते. म्हणाले, "बाबा असते तर एका मिनिटात सांगतलं असतं. तुले काही आठवते का?"

"मले काय समजते त्यातलं?" मी म्हणाले.

मागच्या मंगळवारी हे बैठकीला यवतमाळला गेले. मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि शेडमध्ये गेले. झाकण काढलं, दोन स्क्रू ढिले केले, प्लेट फिरवली. पाचव्या किकला गाडी सुरू झाली. शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या. टिन थरथरत होतं, माझे दात थरथरत होते, मी मूठ पिळत होते, सोडत होते. चार-पाच मिनिटं. मग मी ती बंद केली आणि प्लेट होती तशी, चुकीच्या जागी, परत फिरवून ठेवली.

बैठक रद्द झाली होती. यांना ते वाटेतच कळलं, आणि मी इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासात हे परत आले, शेडमध्ये गेले आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "इंजिन गरम हाय."

"ऊन किती पडलं," मी म्हणाले.

"शेडमंदी कायचं ऊन?" यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पिठात घातले.

रविवारी यांचे मित्र आले. हे स्टुलावर बसून राहिले, गाडीला हात लावला नाही. मित्र म्हणाले, "काहून, हार मानली?" हे खिडकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "माह्याच्यानं होत नाही. तिले येते."

मी बाहेर आले. यांनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. तो मी घेतला नाही. खाली वाकून पेटीतला दुसरा काढला. मला कुणी दिलेला नको होता. प्लेट फिरवली, स्क्रू आवळले, हे किकसाठी पुढे झाले तर मी म्हणाले, "सरका." तिसऱ्या किकला गाडी धडधडली. मित्र ओरडले. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कानाशी येऊन हे म्हणाले, "आज बाबा पाह्यजे होते." मी मान हलवली.

हे कुठे पाठवायचं नाही आणि यांना दाखवायचंही नाही, म्हणून लिहिते. मान मी खोटी हलवली, बाबा. त्या दोन्ही वेळा, गाडी चालू असताना, मला तुमची आठवण आली नाही.